उलटा खिळा

मुलुंड (पूर्व),
२४ नोव्हेंबर १९८५

ति. दादास,
शुभाचा सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पणत्या माळ्यावर गेल्यावर पोचलं. आईने तरी ते देवापाशी ठेवलं आणि शेजारच्या शेवंतीकाकूंना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तू न लिहिलेली दोन-तीन वाक्यं त्यात आली होती, तीही तुझ्यापेक्षा बरी.

अण्णांची खबर आधी सांगते, कारण तू तीच शोधत असशील. छापखाना बंद होऊन अडीच वर्षं झाली, पण ते अजून पेपर हातात धरत नाहीत. डोळे गेले म्हणतात. सकाळी चहा पिताना मी बातम्या वाचायच्या आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायच्या. डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं की नंबर फारसा वाढलेला नाही. त्यावर अण्णांचं म्हणणं, डॉक्टरांना ते पाचशे गणपती दाखवा.

ते गणपती मला अजून स्वप्नात येतात. लग्नपत्रिकेवर डाव्या सोंडेचा गणपती हवा होता, ब्लॉक उलटा बनून आला आणि पाचशे पत्रिका उजव्या सोंडेच्या होऊन घरोघरी गेल्या. नवऱ्या मुलाचे वडील छापखान्याच्या दारात उभे राहून ओरडत होते की या गणपतीचं सोवळं कडक, आता ह्या पत्रिका घरात ठेवताही येत नाहीत आणि रद्दीत घालताही येत नाहीत. अण्णांनी सगळ्या गल्लीसमोर हात जोडून सांगितलं की माझे डोळे गेले, चूक माझी. महिन्याभरात छपाईचं ट्रेडल मशीन विकलं. तू भांडण झालं त्याच आठवड्यात विमानात बसलास म्हणून सुटलास.

पण आता गंमत ऐक. हल्ली ते रोज सकाळी पायी नाहूरच्या मिठागरांकडे जातात. थंडीत तिथे परदेशी पक्षी उतरतात. दोन आठवड्यांपूर्वी घामाघूम होऊन परत आले आणि चपला न काढताच सांगायला लागले की एक काळा-पांढरा पक्षी पाहिला, पाय निळसर, आणि चोच टोकाकडे वर वळलेली. बाकी सगळ्यांच्या चोची सरळ नाहीतर खाली, ह्या एकट्याची वर. कंपोझिटरने घाईत अक्षराचा एखादा खिळा उलटा बसवावा तसा दिसतो म्हणे. त्यांनी त्याचं नावच उलटा खिळा ठेवलं आहे. पाण्यात ती चोच डावी-उजवी, डावी-उजवी फिरवतो, शाईचा रूळ फिरवतात तशी. मला त्यांनी ते स्वयंपाकघरात लाटणं घेऊन करून दाखवलं.

तिथे एक टोपीवाले प्रोफेसर येतात. दरवर्षी मार्चअखेर मिठागरातल्या पक्ष्यांची यादी सायक्लोस्टाइल करून वाटतात. अण्णांनी मोठ्या हौसेने त्यांना सांगितलं तर ते हसले. तो शेकाट्या असणार, त्याची चोच सरळच असते, पाण्यावर ऊन चमकलं की ती वाकडी दिसते आणि ह्या वयात डोळे असे खेळ करतातच, असं चार माणसांदेखत म्हणाले. बारा वर्षांत मला असला पक्षी इथे दिसला नाही, फोटो आणा मग बघू, हे वर.

अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले की फोटोत चोच सरळ निघाली तर माझे डोळे खरंच गेले असं मी धरून चालेन, मग मिठागरही बंद आणि चष्माही बंद. हे ते हसत म्हणाले नाहीत, दादा.

आता कामाचं. घाटकोपरच्या धोंडूशेठनी फोटो स्टुडिओ बंद करताना अण्णांना एक हातभर लांब लेन्स भेट दिली होती, आठवते? दमट हवेने बुरशी येऊ नये म्हणून आईने ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली आहे. लेन्स आहे, मागची बॉडी नाही. तिकडे कॅमेऱ्यांची दुकानं ओसंडून वाहतात असं तूच लिहितोस. पक्षी मार्चमध्ये परत जातात. बाकी तू शहाणा आहेस.

आईने घरात बॉडी हा शब्द उच्चारायला बंदी केली आहे. काल मी जिन्यात मोठ्याने विचारलं की मधुदादाकडून बॉडी कधी येणार, तर शेवंतीकाकू रडतच बाहेर आल्या.

लोभ आहेच, तो यंदा पार्सलमधून दिसावा.
तुझी,
शुभा


मनामा, बहारीन,
८ डिसेंबर १९८५

चि. शुभास,
मधुकरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि शुक्रवारच्या सुट्टीत आधी कॅमेऱ्यांची दुकानं पालथी घातली. शेवंतीकाकूंना सांग, मी धडधाकट आहे, वजन तीन किलो वाढलंय.

इथल्या सिंधी दुकानदाराने काउंटरवर बॉड्यांची रांगच लावली. पहिली काळी कुळकुळीत, भारदस्त, खाली मोटर लागणारी. बोट ठेवलं की टरर्र करून अर्धा रोल संपतो. अण्णा ती घेऊन मिठागरात गेले तर एका सकाळीत महिन्याचे रोल फुंकतील. दुसरी हलकी आणि इतकी शांत की फोटो निघाला की नाही ते कळत नाही. पण तिला सेल लागतात, आणि सेल संपले की नुसती शोभेची. तिसरी रुपेरी, जुन्या घडणीची. सेल असो नसो, बिचारी चालते, पण तिचा आवाज असा की दुकानाबाहेरचा माणूस वळून बघतो. यंदा आणखी एक नवीन निघाली आहे, ती स्वतःच फोकस करते. दुकानदार तिच्यासाठी माझ्या फार मागे लागला होता. पण तिला तिचीच लेन्स लागते, म्हणून तिला लांबूनच नमस्कार केला.

माझं मन दुसरीवर बसलंय. पक्षी म्हटलं की शांतता हवी. पण माझ्या मनाला विचारतो कोण? मुख्य प्रश्न तोंडाचा आहे. प्रत्येक कंपनीच्या बॉडीचं तोंड वेगळं, तिथे लेन्सचे कान नेमके बसावे लागतात. तेव्हा लेन्सवर कंपनीचं नाव काय आहे ते लगेच कळव. अण्णांच्या काही अटी असतील तर त्याही लिही. असतीलच.

अण्णांनी स्वतः दोन ओळी खरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. असो. त्यांना सांग की प्रोफेसरांच्या हसण्याकडे लक्ष देऊ नका, कॅमेरा येतोय. मी पाठवणारच. ते देणं माझ्याकडे लागतं.

आईला नमस्कार, तुला आशीर्वाद, तांदळातल्या लेन्सला लोभ.
तुझा दादा,
मधुकर


मुलुंड (पूर्व),
२१ डिसेंबर १९८५

ति. दादास,
शुभाचा सा. न. वि. वि.

लेन्सवरचं नाव विचारलंस आणि घरात शोधमोहीम सुरू झाली. नाव नाही! धोंडूशेठनी तीस वर्षं ती घामेजल्या हातांनी धरली, त्यात अक्षरं पुसून गेली. मी शाळा सुटल्यावर घाटकोपरला जाऊन त्यांना गाठलं. ते म्हणाले की आमच्या स्टुडिओत तिला नुसतं मोठी म्हणायचे. कॅमेरा कुठल्या कंपनीचा होता विचारलं तर म्हणाले, काळा होता.

मग अण्णांनीच तोड काढली. माळ्यावरून छापखान्याच्या काळ्या शाईचा डबा काढला. वरची साय खरवडली तर आत शाई अजून ओली! हाताच्या रुळाने लेन्सच्या मागच्या कडेला पातळ शाई लावली आणि कागदावर दाबून ठसा घेतला. तीन कागद बिघडले, चौथ्यावर झकास उठला. गोल कडं आणि त्याला तीन कान, एक रुंद, दोन अरुंद, आणि त्यांच्यातली अंतरंही वेगवेगळी. अण्णांचे हात शाईने माखलेले पाहून आई आधी ओरडायला आली आणि मग रॉकेलचा बोळा ठेवून आत गेली. खूप दिवसांनी घरात तो वास आला रे.

अण्णा म्हणत होते की ठसा आहे तसाच पाठव. पण त्याची शाई फुटली होती, म्हणून मी ट्रेसिंग पेपरवर व्यवस्थित काढून सोबत जोडला आहे. शाळेतली चित्रकलेची बाई आहे मी, माझ्या रेषेवर विश्वास ठेव. कातरून बॉड्यांच्या तोंडांवर ठेवून बघ.

आता अटी. एक, सेलवर अडणारी नको, खाडीच्या खाऱ्या हवेत सेलांचं काही खरं नाही. दोन, अण्णा डाव्या डोळ्याने बघणार, कारण उजव्या डोळ्याला जन्मभर भिंग लावून ते थकलेत. काही बॉड्यांची रोल पुढे सरकवायची दांडी बाहेर काढून ठेवावी लागते आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्याच्या ती कपाळात घुसते, असं धोंडूशेठ म्हणाले. तर दांडी मुकाट आत बसणारी हवी. तीन, रंग काळा, रुपेरी उन्हात चमकते. आवाज कमी हवा हा प्रोफेसरांचा सल्ला. अण्णांनी तो अटींत घेतला नाही. चौथी अट आईची. कॅमेऱ्याच्या खोक्यात मिक्सर बसत असेल तर बघावं.

उलटा खिळा अजून आहे. परवा मीही गेले होते, पण इतक्या लांबून मला फक्त एक पांढरा ठिपका दिसला. अण्णांनी विचारलं, चोच दिसली ना? मी हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की खोटं पकडल्याचं मला समजलं.

लोभ असावा, आणि पत्राला उत्तर लवकर असावं.
तुझी,
शुभा


मनामा,
४ जानेवारी १९८६

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

घेतला! अण्णांना सांग, घेतला.

तुझं कागदी कडं घेऊन दुकानात गेलो. ठसा उलटा उमटतो हे तुझ्या लक्षात राहिलं नसणार, म्हणून आधी प्रेसमधल्या दिव्याच्या काचेच्या टेबलावर कागद पालथा घालून तो नीट सुलट करून घेतला. गेली अडीच वर्षं ऑफसेटच्या प्लेटा नि प्रूफं तपासतोय, एवढं तरी कळतं. मग कातरलेलं कडं एकेका बॉडीच्या तोंडावर ठेवून बघत बसलो. दुकानदाराने गिऱ्हाइकं सोडून खुर्ची ओढली आणि तमाशा बघितला. काळीच्या तोंडावर कान बसेनात. शांत बॉडीच्या तर अजिबात नाही, माझा जीव हळहळला. शेवटी बसलं ते नेमकं रुपेरीवर, बोंबलणारीवर. सेल नको, दांडी आत, म्हणजे दोन अटी पास. रंग आणि आवाज नापास. पण तोंड जुळल्याशिवाय काय उपयोग? घेऊन टाकली. बदलून हवी तर महिन्याच्या आत आणा म्हणाला.

माझ्यासोबत चारकोपचा हरेश्वर काम करतो, कोळीवाड्यातला. तो पंचवीस तारखेला बहिणीच्या लग्नाला घरी येतोय. त्याच्याबरोबर पाठवतो. बहुतेक त्याची आई पुतळाबाई तुमच्याकडे पोचती करील, कारण हरेश्वर लग्नघरात अडकेल.

आता एक गोष्ट लिहितो. ही आई-अण्णांना वाचून दाखवू नकोस. त्या गणपतीच्या पत्रिकेचं प्रूफ अण्णांनी पाहिलंच नव्हतं, शुभे. मी पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, पासपोर्ट ऑफिसला जायची घाई होती, उभ्याउभ्या खाली ठीक लिहून सही ठोकली. अण्णांचे डोळे त्या पत्रिकेत कुठेच नव्हते. दारात भांडण झालं तेव्हा मी आत छापखान्याच्या मागच्या खोलीत बॅग भरत होतो आणि सगळं ऐकत होतो. बाहेर आलो नाही. तेव्हापासून तू लिहितेस की अण्णा पेपर वाचत नाहीत, आणि मी इथे ते वाक्य पुन्हापुन्हा वाचत बसतो. कॅमेऱ्याने चोच वर दाखवली तर त्यांना डोळे परत मिळतील, आणि मग मला सांगायची हिंमत येईल, असा माझा हिशेब आहे. भित्र्याचा हिशेब म्हण हवं तर.

आईला मिक्सर पुढच्या खेपेला नक्की. लोभ कमी करू नकोस, ह्या पत्रानंतरही.
तुझा दादा,
मधुकर


मुलुंड (पूर्व),
१६ जानेवारी १९८६

ति. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, वाट लागली! तू ठसा उलटलास? अरे, मी तो आधीच उलटला होता! छापखान्यात मीही वाढलेय ना, ठसा उलटा उठतो हे मलाही कळतं. म्हणून अण्णांचा कागद खिडकीच्या काचेला पालथा लावून मागून ट्रेस केला आणि सुलट करून तुला पाठवला. लिहायला हवं होतं, पण मला वाटलं एवढं तुला कळेलच. तू पुन्हा उलटलास म्हणजे गाडी मूळ जागी. उलट्या ठशाने घेतलेली बॉडी इथे कशी बसणार? हरेश्वर निघायच्या आत हे पत्र मिळालं तर धावत दुकानात जा.

आणि ते दुसरं. मी तीन वेळा वाचलं आणि पत्र माझ्या ट्रंकेत खाली ठेवलं. मला तुझा राग आला आहे. खोटं कशाला बोलू? तू आत बॅग भरत होतास तेव्हा मी दारात अण्णांच्या मागे उभी होते आणि त्यांचे जोडलेले हात पाहिले. मी सांगणार नाही. ते तुझं तू सांग. पण ह्यात आता पक्ष्याची चोच आणू नकोस, तो बिचारा तुझ्या वतीने किती दिवस उभा राहील?

लोभ आहे. सध्या जरा रुसलेला आहे.
शुभा


मनामा,
२७ जानेवारी १९८६

चि. शुभास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं आणि हरेश्वर परवाच उडाला. दुकानदाराला सगळं सांगितलं, तर पोट धरून हसला. बदलून देईन म्हणतो, पण बॉडी समोर आण. ती परत येणार कधी, दुसरी जाणार कधी? एप्रिल उजाडेल. तोवर अण्णांचा पक्षी कुठल्या कुठे गेलेला असेल आणि प्रोफेसरांची यादी वाटून झालेली असेल.

एवढी साधी गोष्ट बिघडवली मी. तुझा राग बरोबर आहे. अण्णांना तीनदा पत्र लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. मायना लिहून होतो, पुढे पेन चालत नाही. लेन्स बसली नाही तर त्यांना सांग की चूक मधूची आहे. ह्या वेळी तरी नाव माझंच सांग.

मधुकर


मुलुंड (पूर्व),
१२ फेब्रुवारी १९८६

ति. दादास,
शुभाचा सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी जिन्यातून हाक आली ती थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. पुतळाबाई! नाकात चमकी, डोक्यावर पाटी, मागे शेवंतीकाकू काय काय आहे ते विचारत. पाटीत वर सुके बोंबील, खाली सुकट, आणि त्याच्याही खाली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तुझा कॅमेरा. हरेश्वरने जपून न्यायला सांगितलं होतं, म्हणून बाईंनी विचार केला की बसमध्ये बोंबलात हात घालायची कुणाची छाती आहे? बोंबील आईला भेट दिले. आई कॅमेऱ्याकडे बघायच्या आधी बोंबलांकडे बघत होती. मिक्सरचं तुझं पाप तूर्त धुऊन निघालं.

ठशाच्या घोळाचं मी घरात सांगितलं नव्हतं. अण्णांनी डब्यातून लेन्स काढली, फुंकर मारून तांदळाचे दाणे उडवले, चष्मा वर केला आणि कान तोंडाला लावले. मी डोळे घट्ट मिटले. फिरवल्याचा आवाज आला आणि मग खट. दादा, बसली! हलवून बघितली, ओढून बघितली, पक्की बसली.

मला रडूच फुटलं. मी सगळं सांगून टाकलं, ठसा मी कसा उलटला, तू कसा उलटलास, आम्ही दोघं महिनाभर कसे तळमळलो. अण्णा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. आई पाणी घेऊन धावली. अडीच वर्षांत ते असे हसलेले मला आठवत नाहीत. मग लेन्स का बसली विचारलं तर सांगेनात. म्हणाले की हे मुलग्याला लिहूनच कळवायला हवं, आणि मीच लिहीन. अण्णा लिहिणार म्हणाले! ज्यांनी इतके दिवस वाण्याची यादीसुद्धा माझ्याकडून लिहून घेतली ते!

बाकी तुझी बॉडी खरंच बोंबलते. खटॅक! अण्णांनी रोल न घालता वीस-पंचवीस वेळा वाजवली. आई आतून हात पुसत आली आणि दारात थबकली. म्हणाली की मला वाटलं ट्रेडल सुरू झालं. अण्णा म्हणाले, मलाही. रुपेरी रंगावर तोड आईने काढली. अण्णांच्या जुन्या छत्रीचं कापड फाडून तिने कॅमेऱ्याला काळा अंगरखा शिवला आहे. बोंबलाचा वास मात्र जात नाही. अण्णा म्हणतात की पक्षी जवळ येतील.

पण आता एकच घोर आहे. उलटा खिळा नऊ दिवस दिसलेला नाही. अण्णा रोज जातात आणि कॅमेरा न उघडता परत येतात. तू मला लिहिलेलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

लोभ रुसला होता, तो खट ऐकून बराच वळणावर आला आहे.
तुझी,
शुभा


मुलुंड (पूर्व),
१४ मार्च १९८६

चि. मधुकर यास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस का? हात अडखळतो, पण काना-मात्रा जागच्या जागी आहेत. दोनदा तपासलं.

आधी तुम्हा दोघांचे कान धरतो. छापखान्यात वाढलात आणि एवढं कळू नये? खिळा उलटा का असतो? कागदावर तो सुलट उमटावा म्हणून. लेन्सचं तोंड म्हणजे खिळा आणि बॉडीचं तोंड म्हणजे कागद. लेन्स कागदावर दाबली तेव्हा जो ठसा उठला, तोच बॉडीच्या तोंडाचा नकाशा होता. त्याला हात लावायची गरज नव्हती. शुभाला म्हटलं होतं, आहे तसा पाठव. तिने शहाणपणाने उलटला, तू तिच्याहून शहाणा, तू पुन्हा उलटलास, म्हणून तो होता तसा झाला. तुमच्यापैकी एकाने जरी दुसऱ्यावर विश्वास टाकला असता तर माझ्या नशिबी एप्रिल होता.

उलटा खिळा दोन मार्चला परत आला. शुभा सोबत होती. बांधाला पोट टेकून चिखलात पडलो, आईने शिवलेला अंगरखा मागे सारला आणि दाबलं. त्या खटॅकने सगळे शेकाटे उडाले. मी म्हटलं, संपलं. पण हा पठ्ठ्या उडाला नाही. मान वर करून आवाज कुठून आला ते बघत राहिला. अकरा फोटो काढले. नऊ पाण्याचे आहेत, एक शुभाच्या चपलेचा आहे, एक सोबत पाठवतो.

प्रोफेसरांनी तो पाहिला, भिंगातून पाहिला आणि टोपी काढली. माणूस वाईट नाही. यादीत पक्षी घातला, खाली माझं नाव घातलं आणि सायक्लोस्टाइल करण्याआधी यादी एकदा तपासाल का विचारलं. सतरा चुका काढून दिल्या.

तुला पाठवलेल्या फोटोत आणखी एक चूक आहे. फोटो काढताना मी दक्षिणेकडे तोंड करून होतो, खाडी माझ्या डाव्या हाताला होती. फोटोत ती उजवीकडे आहे. स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह पालथी घालून छापलं. हे शुभाला दिसलं नाही, प्रोफेसरांना भिंगातून दिसलं नाही. मला पाकिटातून काढताक्षणी दिसलं. मी तिथेच बाकावर बसलो आणि शुभाला म्हटलं, माझे डोळे शाबूत आहेत गं.

आता हा कागद उलटून बघ.

ओळखलंस ना? त्याच पत्रिकेचं प्रूफ. गणपतीची सोंड उजवीकडे आणि खाली ठीक लिहून तुझी सही. ट्रेडल विकलं त्या दिवसापासून हे माझ्या कपाटात आहे. शुभाने मला काही सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नव्हती. सही तुझी दिसली म्हणून मी प्रूफ पाहिलंच नाही, थेट मशीनवर चढवलं. तेव्हा चूक तुझी आणि माझी निम्मी-निम्मी. तुला नोकरी लागली होती प्रूफं तपासायची, आणि तुझी शिफारस करणारा माणूस त्याच लग्नातला, नवऱ्या मुलाचा मामा. दारात तुझं नाव घेतलं असतं तर तू आजही मुलुंडलाच असतास. म्हणून डोळ्यांचं नाव पुढे केलं.

पण एकदा म्हटलं ते चिकटलं. लोक हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायला लागले. हळूहळू मलाही रस्ता खरंच धूसर दिसायला लागला. तुझा राग आला होता, नाही म्हणणार नाही. पंधरा दिवस टिकला. मग तुझी आठवण यायला लागली, ती अजून चालू आहे.

हे प्रूफ आता तुझं तू सांभाळ किंवा फाड. मला त्याची मागची कोरी बाजू हवी होती, ती वापरून झाली. फोटो मात्र खोलीत लाव. उजेडाला धरून पुढून बघ की मागून बघ, खाडी डावीकडे येईल नाहीतर उजवीकडे जाईल, चोच वरच आहे.

लोभ होता, आहे, आणि ह्या खेपेला तपासून पाठवला आहे.
तुझे,
अण्णा

ता. क. पुढचं पत्र शुभाच्या नावाने टाकू नकोस. माझ्या नावाने टाक. मला वाचता येतं.